घरकामगार बायकांच्या खऱ्या गोष्टींवरचं नाटक: संमती, नावं, मानधन नक्की कसं ठरवायचं?

तिसरीघंटा

नमस्कार मंडळी. मानखुर्द-गोवंडी भागातल्या १४ घरकामगार बायकांबरोबर पाऊण तासाचं नाटक उभं करतेय. बाहेरचा नट कोणी नाही, त्याच सादर करणार. संहिता आधी लिहिलेली नाही. तालमीत त्या जे सांगतील त्यातूनच प्रवेश बांधायचेत. पहिला प्रयोग वस्तीतल्या समाजमंदिरात, मग दादर-माटुंग्याकडे एखाद्या छोट्या सभागृहात तिकीट लावून, आणि जमलं तर एखादी स्पर्धा.

पैसे एका संस्थेचे आहेत. त्यांनी छापील संमतीपत्र पाठवलंय: 'माझी गोष्ट, आवाज व छायाचित्र कोणत्याही माध्यमात कायमस्वरूपी वापरण्यास माझी हरकत नाही.' खाली सही किंवा अंगठा. एवढ्यावर काम सुरू करणं मला पटत नाही. पण याऐवजी काय?

विचारायचं आहे ते असं. नावं बदलली की पुरे का? एकीने नवऱ्याच्या मारहाणीबद्दल सांगितलं तर तो प्रवेश तिनेच करावा की दुसरीने? प्रयोगाच्या तोंडावर कोणी 'माझं काढा' म्हणाली तर? संहितेवर लेखक म्हणून कोणाचं नाव घालायचं? आणि मानधन कसं? 'संवेदनशील राहा' वगैरे सल्ले खूप वाचून झालेत. करायचं काय ते सांगा.

---

प्रॉम्प्टर

तो कागद आधी बाजूला ठेवा. बाई सही करते तेव्हा नाटकच झालेलं नसतं. आपण कशाला हो म्हणतोय हे तिला माहीत नाही, आणि आपण काय मागतोय हे तुम्हालाही माहीत नाही. म्हणून परवानगी टप्प्याटप्प्याने घ्यायची.

सुरुवातीला फक्त ऐकायची आणि रेकॉर्ड करायची परवानगी. वापरायची नाही. हे तोंडी स्पष्ट सांगा: 'आज सांगितलेलं नाटकात येईलच असं नाही, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय येणार नाही.' प्रवेश लिहून झाला की ज्या बाईच्या बोलण्यातून तो आलाय तिला एकटीला बसवून मोठ्याने वाचून दाखवा. गटासमोर वाचलंत तर ती 'चालेल की' म्हणणार, कारण तेरा जणी बघतायत. पुढचा टप्पा म्हणजे बंद दाराआडचा प्रयोग, १०-१२ विश्वासातली माणसं. त्या दिवशी तिला प्रेक्षकांत बसू द्या, तिचं काम दुसरीला द्या. वाचलेलं आणि उभं राहिलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. कागदावर दोन ओळींची असलेली शिवी रंगमंचावर दोन मिनिटं खाते. त्यानंतर प्रेक्षक बदलले की दर वेळी पुन्हा विचारायचं. दादरला हो म्हणणारी बाई वस्तीत नाही म्हणू शकते, आणि बहुतेक वेळा तसंच होतं. अनोळखी माणसांसमोर धीर असतो, सासूच्या मैत्रिणींसमोर नसतो.

हो-नाही अशी एकच चौकट नको. प्रत्येक गोष्टीला एक चिठ्ठी करा: गटात ठेवा, बदलून वापरा, दुसरीने करावी, वस्तीत नको, फोटो चालेल, व्हिडिओ नको, स्पर्धेला चालेल. वाचता न येणारीसाठी हेच प्रश्न एकेक विचारून तिचं उत्तर तिच्या आवाजात रेकॉर्ड करा, लगेच वाजवून दाखवा. चिठ्ठीची एक प्रत तिच्याकडे. घरी ठेवायची सोय नसेल तर ज्या ताईवर तिचा भरवसा आहे तिच्याकडे.

'माझं काढा' याला तोंडी हो म्हणणं सोपं आहे. नाटकाची बांधणी तशी नसेल तर त्या होला अर्थ नाही. एका बाईची गोष्ट नाटकाचा कणा केलीत की ती नाही म्हणूच शकत नाही, कारण तिच्या नाही म्हणण्याने सगळ्यांचा प्रयोग बुडतो. म्हणून कणा सामायिक गोष्टीचा ठेवा: सकाळची लोकल, गेटवरची नोंद, सामानाची लिफ्ट, खाडा, दिवाळीचा बोनस. खऱ्या गोष्टी त्याच्यावर सुट्या टांगायच्या, तीन-चार मिनिटांचा एकेक तुकडा, एकमेकांवर न टेकलेला. आणि तेवढ्याच लांबीचं एखादं गाणं किंवा समूहाचा प्रवेश तयार हवा. दुपारी तीनला एकीने नको म्हटलं तर संध्याकाळी सातला तो घालता आला पाहिजे. प्रकाश आणि संगीत बघणाऱ्यांच्या क्यू-शीटवरही (कुठल्या क्षणी कोणता दिवा, कोणतं संगीत ती यादी) हा पर्याय आधीपासून लिहिलेला असावा, नाहीतर ऐनवेळी तेच कुरकुर करतात आणि बाईवर दडपण येतं.

रेकॉर्डिंग स्वतःच्या रोजच्या फोनवर करू नका. फाइल आपोआप क्लाउडवर चढते, मग घरच्या टॅबवर दिसते. जुना फोन घ्या, सिम काढा, वायफाय बंद. फाइलला नाव नाही, आकडा द्या: ०१, ०२. कोणता आकडा कोणाचा ते वेगळ्या वहीत, आणि वही वेगळ्या घरात.

---

गल्लीतली

प्रॉम्प्टरशी सहमत, पण नावाच्या प्रश्नावर जास्त बोलायला हवं. नावं बदलून काहीही होत नाही. वस्तीत माणूस नावावरून ओळखला जातच नाही, तपशिलावरून ओळखला जातो.

उदाहरण घेऊ (रचलेलं आहे). बाई सांगते: 'सासरे वारले तेव्हा चौदाव्या मजल्यावरच्या मॅडमनी दोनच दिवस दिले. दहावं उरकून गेले तर माझ्या जागी दुसरी लावलेली. ती कोण? माझीच धाकटी जाऊ.' आता नाव सुनीताचं शांता केलंत. गल्लीला काय फरक पडला? दहाव्याला सगळी गल्ली हजर होती, जावा-जावांचं भांडण नळावर झालं. प्रयोग सुरू होऊन अर्ध्या मिनिटात मागच्या रांगेत कुजबुज सुरू होणार.

मग विचारायचं, प्रवेश नक्की कशावर उभा आहे? सुतकात काम गेलं, आणि ते घेणारी आपल्यातलीच निघाली, या दोन गोष्टींवर. बाकी सगळं बदलता येतं. मजला काढा. सासऱ्यांच्या जागी गावाकडचे वडील घ्या. म्हणजे बाई मुंबईतच नव्हती, दहावं गल्लीने पाहिलंच नाही. जाऊ काढून भिशीतली मैत्रीण करा. आता बघा, दुखणं तेच आहे, बोट मात्र कोणाकडे जात नाही. पण 'सुतक' काढून 'ताप आला होता' केलंत तर प्रवेशच मेला, कारण तापात दोन दिवस कोणालाही पुरे वाटतात.

असा बदल तुम्ही एकटीने घरी बसून करू नका. तिच्याबरोबर बसून करा. कुठला तपशील धोक्याचा ते तिलाच माहीत असतं. तुम्हाला वाटेल नवऱ्याचं नाव झाकायला हवं. ती म्हणेल, 'त्याचं राहू द्या ताई, तो हिरव्या दरवाज्याचा उल्लेख काढा.'

मग तपासून बघायचं. तिच्याच पसंतीची, गटाबाहेरची, वस्ती ओळखणारी एक बाई आणायची, प्रवेश ऐकवायचा आणि विचारायचं: ही कोण वाटते? तिने बरोबर नाव घेतलं तर पुन्हा काम. तीन ठिकाणच्या नजरेने तपासा: घरचे, गल्ली-भिशी, आणि कामाची सोसायटी. तिसरी नजर बहुतेक जण विसरतात. मॅडमला कळलं की काम जातं, आणि सोसायटीतल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे एक नाही, चारही घरची कामं जातात.

दोन-तीन जणींच्या गोष्टी एकत्र विणणं हा चांगला उपाय आहे, फक्त त्याची मर्यादा आधी सांगा. बाहेरच्यांसाठी ती विण झाकते, उरलेल्या तेरा जणींना प्रत्येक धागा कोणाचा ते दिसतो. गटाच्या आत गुप्तता नसते. 'इथलं इथेच राहील' हे तुम्ही त्यांच्या वतीने कबूल करू शकत नाही. फार तर प्रत्येकीने स्वतःपुरतं म्हणावं.

मारहाणीच्या प्रवेशाबद्दल: ज्या बाईची गोष्ट तिनेच करायची नाही, हा मूळ नियम धरा. तिने स्वतःहून मागितलं तरच अपवाद. आणि अदलाबदल सगळ्यांचीच हवी. तेरा जणी स्वतःचं करतायत आणि फक्त मारहाणीचा प्रवेश दुसरीकडे गेलाय, असं असेल तर उलट तोच डोळ्यांत भरतो. सगळं खरंच फिरवलं असेल तर सुरुवातीच्या निवेदनात तसं सांगा, 'समोर दिसणारी बाई स्वतःचीच गोष्ट सांगतेय असं धरू नका.'

शिवाय तिच्या गोष्टीत बाकीची माणसंही आहेत. नवरा, सासू, मॅडम. त्यांचं एक वेळ राहू द्या. पण पळून जाऊन लग्न केलेली मुलगी, शाळा सोडलेला मुलगा? ते तिचं सांगणं असलं तरी त्यांचं आयुष्य आहे. मुलांबद्दलचा तुकडा असेल तर मोठ्या मुलाला विचारा, लहान असेल तर वापरूच नका.

---

काळाकोट

कायद्याच्या बाजूने थोडं.

१. कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी 'काहीही सांगा, बाहेर जाणार नाही' असं वचन देऊ नका. १८ वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायदा २०१२, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे प्रत्येकाला लागू आहे, फक्त डॉक्टर-शिक्षकांना नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणून बायकांनी बोलायला सुरुवात करण्याआधीच सांगा की लहान मुलांच्या बाबतीत असं काही ऐकलं तर मला गप्प राहता येणार नाही. हे नंतर सांगणं म्हणजे फसवणूक. सज्ञान बाईच्या घरातल्या मारहाणीला अशी सक्ती नाही. तक्रार करायची की नाही ते तिने ठरवायचं, तुम्ही फक्त १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आणि जवळच्या समुपदेशन केंद्राचा पत्ता हाताशी ठेवा.

२. बलात्कारासारख्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहिता कलम ७२ खाली गुन्हा आहे (जुनं भादंवि २२८-अ), दोन वर्षांपर्यंत कैद. फक्त नाव नाही, ओळख पटेल असं काहीही. २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे फार कडक वाचलंय. जाहिरातीचं पत्रक, प्रेसनोट, यूट्यूबवरचा तुकडा, सगळं यात येतं असंच धरून चाला. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय ती माहिती उघड करता येत नाही.

३. कोर्टात खटला चालू असलेली गोष्ट घेऊ नका. घटस्फोट, पोटगी, सासरच्या छळाचं ४९८-अ (आता न्याय संहितेत ८५), काहीही. रंगमंचावर नाट्यमय करण्यासाठी घातलेलं एक वाक्य समोरचा वकील तिच्या जबाबातल्या विसंगतीसाठी वापरेल.

४. संस्थेच्या कागदातलं 'कायमस्वरूपी, कोणत्याही माध्यमात' सरळ खोडा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी, आणि किती काळ, कुठे ते लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. 'कायमस्वरूपी' लिहिलं की मुदत लिहिली असं होतं, तेच टाळायचंय. त्याऐवजी: अमुक नाटकापुरतं, एक वर्ष, मुंबई-ठाण्यातले प्रयोग, पुढचं पुन्हा विचारून.

५. लेखक कोण? घडलेल्या घटनेवर कोणाचाच कॉपीराइट नसतो. शब्दांवर असतो. तालमीत त्यांच्या तोंडून आलेली वाक्यं तुम्ही जशीच्या तशी घेतली असतील तर एकट्या तुमचं नाव टाकणं कायद्याने वादाचं आणि व्यवहाराने चोरीचं. 'गटलेखन', खाली नावं (ज्यांना हवी त्यांची), आणि तुमचं नाव 'संहिता-संकलन व दिग्दर्शन'. स्पर्धेच्या फॉर्मवर लेखकाची एकच जागा असते, तिथेही गटाचं नाव लिहा आणि आयोजकांशी आधी बोलून घ्या.

६. जाहीर प्रयोगासाठी संहिता राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीला जाते. तिथे पाठवायची प्रत बदललेल्या नावांचीच हवी. ती फाइल पुढे कोण उघडेल ते आपल्या हातात नाही. आणि पर्यायी गाणं-प्रवेश सुरुवातीलाच त्या संहितेत जोडा. मंजूर संहितेतलं कापणं सोपं, नवीन घालणं अवघड.

डिजिटल वैयक्तिक माहितीचा २०२३ चा कायदा टप्प्याटप्प्याने अमलात येतोय. त्यातलं एक तत्त्व आजच उचला: संमती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणं सोपं हवं. दिली एका शब्दात आणि काढायला अर्ज-मीटिंग-समजावणी, हे चालणार नाही.

---

रंगपंचक

वरचं सगळं बरोबर आहे, पण मला एक भीती वाटते. एवढं झाकत गेलात की उरतं ते प्रबोधनपर पथनाट्य. 'एक बाई', 'एक मॅडम', 'एक नवरा'. आणि काही बायकांना नाव हवं असतं हो! आयुष्यभर 'ए बाई', 'आमची ती' असं ऐकलेल्या माणसाला पत्रकावर स्वतःचं पूर्ण नाव बघायचं असेल तर 'तुमच्या सुरक्षेसाठी' म्हणून ते खोडणारे आपण कोण? मराठीत दलित आत्मकथनं आली ती लिहिणाऱ्यांच्या खऱ्या नावानिशीच. त्यातला धोका त्यांनी स्वतः पत्करला होता. मुद्दा ठरवतं कोण एवढाच आहे. 'बदलायचं' हे गृहीत धरून चालू नका, विचारा.

नाव आणि गोष्ट वेगवेगळी ठेवता येतात, हे लक्षात घ्या. पत्रकावर चौदा नावं ठळक, कोणती गोष्ट कोणाची ते कुठेच नाही. श्रेय मिळतं, आणि बोटही दाखवता येत नाही.

दुसरी तक्रार प्रेक्षकांबद्दल. दादर-माटुंग्याच्या सभागृहात हुंदक्याला गिऱ्हाईक फार. मग दिग्दर्शक नकळत रडण्याच्या गोष्टी निवडतो आणि बायकाही हुशार असतात, काय चालतं ते त्यांना दोन तालमींत कळतं, मग त्याच गोष्टी येऊ लागतात. हे थांबवायचं तर विचारायचे प्रश्न बदला. 'सगळ्यात वाईट प्रसंग सांगा' हा प्रश्नच बाद. 'मॅडमला न कळता तुम्ही काय काय करता?' विचारा. 'चार घरांच्या चाव्या एका जुडग्यात कशा ओळखता?' विचारा. कुठल्या घरचा फ्रिज कसा लावलेला असतो, पगार कापल्यावर भांडी कशी आपटायची म्हणजे बोलणीही बसत नाहीत आणि समजतंही, यावर अख्खा प्रवेश उभा राहतो. हसून हसून पुरेवाट. आणि यात उघडं पडण्याचा धोका जवळजवळ शून्य, कारण ते सगळ्यांचंच असतं.

फोरम थिएटरचा विचार असेल (ब्राझीलचे नाटककार ऑगस्टो बोआल यांचं, प्रवेश थांबवून प्रेक्षक वर येतात ते) तर एक गोष्ट पक्की ठेवा: सांगणारी बाई सभागृहात असताना तिची कच्ची गोष्ट फोरमला लावायची नाही. त्या पद्धतीत प्रेक्षक मुख्य पात्राच्या जागी येऊन वेगळं वागून दाखवतो. पात्र रचलेलं असेल तर ती चर्चा होते. खऱ्या बाईचं असेल तर तिला तोंडावर सांगितलं जातं की 'तू असं करायला हवं होतंस'. तिने ते सतरा जणांकडून आधीच ऐकलेलं असतं.

प्लेबॅक थिएटरकडून मात्र एक गोष्ट घ्यावी. १९७५ मध्ये अमेरिकेत जोनाथन फॉक्स आणि जो सालस यांनी सुरू केलेला प्रकार. तिथे सांगणारा स्वतः ठरवतो की माझं काम कोण करणार, नट लगेच करून दाखवतात, आणि शेवटचा शब्द सांगणाऱ्याचा: 'हे असं नव्हतं' म्हणायची मुभा. संहिता उरत नाही हे त्यांचं सुख, तुम्हाला ते नाही. पण कोण करणार ते तिने निवडणं आणि शेवटचा शब्द तिचा, हे दोन्ही तुमच्या तालमीत सहज बसतं.

---

आतलाआवाज

गटांबरोबर समुपदेशनाचं काम असणाऱ्याच्या नजरेतून, थोडक्यात.

खपली धरलेली गोष्ट घ्या, ओली जखम नको. ओळखायचं कसं? बाई प्रसंग सांगताना क्रमाने सांगते, मध्ये थांबून चहा मागू शकते, एखाद्या ठिकाणी हसते, तर बहुधा ठीक. वर्तमानकाळात सांगायला लागली, एकाच जागी अडकली, किंवा सपाट आवाजात आकडे-तारखा सांगू लागली, तर तिथेच सोडा. अजून त्याच घरात मार खातेय अशी गोष्ट नाटकात घ्यायचीच नाही, तिने आग्रह धरला तरी. तिला मदत लागते ती वेगळी.

नाटकवाल्यांचं लक्ष नसतं ते तालमींच्या संख्येकडे. प्रयोग एकच, पण त्याआधी तो प्रवेश वीस-पंचवीस वेळा होतो. मारहाणीचा प्रवेश पूर्ण ताकदीने रोज करायचा नाही. हालचाली ठरवताना शब्दांशिवाय, शब्द पाठ करताना बसून, दोन्ही एकत्र फक्त रंगीत तालमीला आणि प्रयोगाला. मार खाणारीने आणि मारणारीने, दोघींनी, प्रवेशानंतर स्वतःच्या नावाने हाक मारून घ्यायची, ओढणी किंवा जे काही पात्राचं अंगावर असेल ते काढून ठेवायचं. हे खुळचट वाटतं, तरी करा. मारणारा नवरा झालेली बाई घरी जाताना जास्त अस्वस्थ असते, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

थांबण्याची खूण आधी ठरवा. हात वर, की तालीम थांबली. कारण विचारायचं नाही. विंगेत एक बाई अशी हवी जिला दुसरं काहीही काम नाही. प्रयोगाच्या दिवशी 'तू विंगेत थांब आणि प्रॉपर्टीही (प्रयोगातलं सामान) बघ' असं होतं, मग ती प्रॉपर्टीच बघते. टेली-मानस १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी क्रमांक मराठीतही चालतो. तो भिंतीवर सगळ्यांसाठी लावा, एकीच्या हातात चिठ्ठी देऊ नका.

प्रयोगानंतर प्रेक्षकांशी गप्पांचा कार्यक्रम ठेवणार असाल तर सूत्रधाराने आधीच सांगावं की 'ही गोष्ट कोणाची?' या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. कोणीतरी विचारतंच.

---

हिशेबनीस

मानधनाबद्दल कोणी बोलेना म्हणून.

गोष्टीला पैसे द्यायचे नाहीत, वेळेला द्यायचे. गोष्टीमागे पैसे ठेवलेत की जास्त दुःखाला जास्त भाव, हे न बोलता ठरतं. आणि जिची गोष्ट शेवटी गाळली तिचे पैसे कापणार का? तालमीला आलेल्या प्रत्येकीला सारखं, बोलली तरी, गप्प बसली तरी.

वेळ त्यांच्या सोयीची. सकाळची कामं एक-दीडपर्यंत, संध्याकाळची पाचपासून. मधली अडीच ते साडेचार ही एकच फट, आणि ती त्यांच्या विश्रांतीची आहे, फुकटची नाही. रविवारची पूर्ण तालीम लावलीत तर खाडा पडतो, त्याची भरपाई तुमच्याकडून.

१४ जणींना तालमीचे प्रत्येकी ३०० धरले (आकडा तुम्ही ठरवा, त्यांच्याशी बोलून) तर एका तालमीचे ४,२००. वीस तालमींचे ८४,०००. रिक्षा-लोकल, चहा-नाश्ता आणि लहान मुलं सांभाळणाऱ्या बाईचे पैसे वेगळे. हा आकडा बघून संस्थेला धक्का बसेल. नेपथ्य आणि प्रकाशयोजनेला त्यांनी किती ठेवलेत ते बघा, मग बोला. चार खुर्च्या आणि दोन दिव्यांत हे नाटक होतं. कात्री तिथे लावा, बायकांच्या पैशांना नको.

तिकीटविक्री, बक्षीस, पुढे कोणी संहिता मागितली तर येणारी रक्कम: याची वाटणी पहिल्या महिन्यात सगळ्यांसमोर ठरवून लिहा. ढाल मिळाल्यावर ठरवायला गेलात तर गट फुटलाच म्हणून समजा. सोडून गेलेल्या बाईची गोष्ट नाटकात राहिली असेल तर तिचा वाटाही राहतो, हेही लिहा.

पैसे रोख द्यायचे की खात्यात, प्रत्येकीला वेगळं विचारा. काहींचं खातं नवरा बघतो.

---

तिसरीघंटा

मंडळी, फार उपयोगी. सुट्या तुकड्यांची बांधणी आणि पर्यायी प्रवेश हे डोक्यातच नव्हतं, लगेच घेतेय. एक उरलं. संस्थेला अहवालासाठी तीन मिनिटांचा व्हिडिओ हवाय, 'बायका आपल्या शब्दांत बोलताना', चेहऱ्यासकट. नाही म्हटलं तर पुढचा हप्ता अडेल.

---

प्रॉम्प्टर

नाही म्हणू नका, दुसरं काहीतरी द्या. त्यांना पुरावा हवाय की काम झालं. तो गोष्टींशिवाय देता येतो. तालमीतले खेळ, टाळ्यांचा व्यायाम, समूहगीत, रिकाम्या सभागृहात खुर्च्या लावणं, चाव्यांच्या जुडग्यावरचे हात. 'आपल्या शब्दांत' हवंच असेल तर नाटक करताना काय शिकलात एवढंच कॅमेऱ्यासमोर विचारा, आयुष्याबद्दल नाही. ज्यांची चिठ्ठीवर फोटोला हो आहे त्याच फ्रेममध्ये. पाठवण्याआधी तो व्हिडिओ चौदा जणींना एकत्र दाखवा, आणि नंतर एकेकीला बाजूला विचारा. संस्थेकडून ई-मेलवर लिहून घ्या की तो अहवालाबाहेर, त्यांच्या सोशल मीडियावर, जाणार नाही. प्रयोगाचं चित्रीकरण करायचंच असेल तर मागून, प्रेक्षकांच्या डोक्यांवरून, आवाज बंद.

---

गल्लीतली

संस्थेच्या व्हिडिओपेक्षा व्हॉट्सॲप स्टेटसकडे लक्ष ठेवा. गळती तिथून होते. एखादीची मुलगी कौतुकाने आईचं वीस सेकंदांचं शूटिंग टाकते, आणि मागे दुसरीच बाई मार खाताना दिसते. तालमीत फोन एका पिशवीत, पिशवी दाराशी. फोटोची हौस असतेच, म्हणून शेवटची दहा मिनिटं फोटोसाठी वेगळी ठेवा, सगळ्या साध्या कपड्यांत, प्रवेशातली कोणतीही पोझ नाही. वस्तीतल्या प्रयोगाला दाराशी उभी राहणारी बाई वस्तीतलीच, थोडी दांडगी, हवी. बाहेरच्या स्वयंसेवकाने फोन मागितला तर कोणी देत नाही.

---

काळाकोट

आणि रेकॉर्डिंग पुसायची तारीख आजच ठरवून वहीत लिहा. शेवटच्या प्रयोगानंतर तीन महिने वगैरे. पुसताना दोन-तीन जणी समोर असू द्या, 'रिसायकल बिन'सुद्धा रिकामं करून दाखवा. ज्यांना स्वतःचा आवाज हवा असेल त्यांना त्यांची फाइल आधी द्या, पण कोणाच्या फोनवर घेणार ते विचारून. फोन नवऱ्याचा असेल तर नको.